बार्टर रोडचे दोन स्लायसर: रोजची धुलाई, निगेटिव्ह स्वॅब आणि तरीही लिस्टेरिया

टोरोंटोच्या वायव्य भागात बार्टर रोडवर मेपल लीफ फूड्स या कंपनीचा मांसप्रक्रिया कारखाना होता. सरकारी नोंदणीत त्याचा क्रमांक 97बी. शिजवलेल्या मांसाचे पातळ काप करून त्यांची पाकिटे भरणे हे तिथले एक मोठे काम. घरगुती ग्राहकांसाठी लहान पाकिटे निघत, आणि रुग्णालये, वृद्धाश्रम, उपाहारगृहे यांच्यासाठी मोठी.

जुलै 2008 मध्ये टोरोंटोतल्या एका वृद्धाश्रमातल्या रहिवाशांना लिस्टेरियोसिस, म्हणजे लिस्टेरिया या जंतूमुळे होणारा आजार, झाल्याचे तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या लक्षात आले. सँडविचमध्ये वापरल्या जाणाऱ्या मांसाचे नमुने तपासणीला गेले. 17 ऑगस्टला ‘शुअर स्लाइस’ नावाने विकले जाणारे रोस्ट बीफ आणि कॉर्न्ड बीफ बाजारातून परत मागवण्यात आले. तीन दिवसांनी कारखाना बंद झाला. 23 ऑगस्टला रुग्णांमधला जंतू आणि मांसातला जंतू एकच असल्याचे जनुकीय ठशांवरून पक्के झाले. त्यानंतर लगेच त्या कारखान्यातून निघालेला सगळा माल, म्हणजे 220 च्या आसपास उत्पादने, परत मागवली गेली. अखेरच्या मोजदादीत 57 रुग्ण निश्चित झाले आणि त्यांतले 20 हून अधिक दगावले. यांतले बहुतेक जण वृद्धाश्रमांत राहणारे किंवा आधीच रुग्णालयात दाखल असलेले होते. बरे होण्यासाठी किंवा उतारवयात सांभाळ व्हावा म्हणून जिथे माणसे राहत होती, तिथल्याच ताटातून हा जंतू त्यांच्यापर्यंत गेला. या प्रकरणाचा कितीही तांत्रिक अभ्यास केला तरी ही बाब नजरेआड होता कामा नये.

लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस हा जंतू धट्ट्याकट्ट्या माणसाला सहसा फारसा त्रास देत नाही. वृद्ध, कर्करोगाचे उपचार घेणारे, अवयवरोपण झालेले, गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या पोटातले बाळ यांना मात्र तो घातक ठरतो. आजार अंगात पसरला की दर शंभरात वीस ते तीस रुग्ण दगावतात. दूषित अन्न पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कधी कधी सत्तर दिवस जातात. म्हणजे रुग्ण सापडतो तोवर त्याने काय खाल्ले होते हे त्याच्या घरच्यांनाही आठवत नाही, आणि कारखान्यात त्या मालानंतर शेकडो घाणे निघून गेलेले असतात.

मांस शिजवताना हा जंतू मरतो. 70 अंश सेल्सिअसला दोन मिनिटे त्याला पुरेशी असतात. बार्टर रोडचे मांस नीट शिजलेले होते. जंतू त्यात शिरला तो शिजल्यानंतर, काप करताना. आणि त्यानंतर ग्राहकाच्या तोंडात जाईपर्यंत त्याला मारणारी एकही पायरी उरलेली नव्हती. उलट पुढचे काही आठवडे शीतकपाटात तो सावकाश वाढत राहिला, कारण फ्रिजच्या थंडीत इतर बहुतेक जंतू थांबतात आणि लिस्टेरिया थांबत नाही. चार अंशांवर, खायला भरपूर असेल तर, त्याची संख्या साधारण एक-दोन दिवसांत दुप्पट होते.

रोज धुतले जाणारे यंत्र

सप्टेंबर 2008 च्या सुरुवातीला कंपनीने आपल्या तपासाचा निष्कर्ष जाहीर केला. आठव्या आणि नवव्या लाइनवरच्या दोन मोठ्या स्लायसरच्या आत, अगदी खोलवर, जंतू साठले असण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. ही यंत्रे रोज धुतली जात होती. उत्पादक कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने, किंवा त्याहून काटेकोरपणे, त्यांची सफाई होत होती असे कंपनीचे म्हणणे होते. ते खोटे मानायला काही आधार नाही. तज्ज्ञांनी यंत्रे नेहमीपेक्षा खूप पुढे जाऊन खोलली, तेव्हा आत मांसाचे कण साचलेले सापडले.

रात्रीची सफाई पाळी अशा कारखान्यांत कशी चालते ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या प्रकरणाचा सगळा गाभा तिथे आहे. उत्पादन थांबले की आधी मोठे तुकडे हाताने उचलले जातात. मग कोमट पाण्याने पहिली धुलाई. पाणी फार गरम असले तर प्रथिने पृष्ठभागावर शिजून चिकटतात, फार थंड असले तर चरबी सुटत नाही. त्यानंतर अल्कधर्मी डिटर्जंटचा फेस मारतात, तो काही मिनिटे बसू देतात, गरज असेल तिथे ब्रशने घासतात आणि पुन्हा पाणी मारतात. मग विजेरी घेऊन पाहणी होते. आणि सगळ्यात शेवटी जंतुनाशक, बहुधा क्वाटर्नरी अमोनियम संयुग, ज्याला कारखान्यात सगळे नुसते क्वाट म्हणतात. सकाळच्या पाळीआधी हे सगळे उरकायचे असते आणि सफाई कामगारांच्या हातात मोजके तास असतात.

घासल्याशिवाय जंतुनाशक काम करत नाही, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतात. पण घासायला हात पोचायला लागतो. स्लायसरमध्ये पात्याचा दांडा असतो, बेअरिंगे असतात, रबरी सील असतात, मांस पुढे ढकलणारे पट्टे आणि त्यांचे रोलर असतात, मोटरची झाकणे असतात. या सगळ्यांच्या सांध्यांत अर्ध्या मिलिमीटरची फट असली तरी जंतूला ती प्रशस्त. घरचा कुकर बाहेरून घासून लखलखीत केला, पण झाकणाची रिंग कधी काढलीच नाही, तर तिच्याखाली काय साठते हे ज्याने भांडी घासली आहेत त्याला माहीत आहे.

इथे धुण्याची क्रियाच कधी कधी नुकसान करते. जास्त दाबाचा पाण्याचा फवारा मांसाचे बारीक कण आणि पाणी सीलच्या पलीकडे ढकलतो. जे बाहेर होते ते आत जाते आणि तिथे ओलसर राहते. त्याच फवाऱ्याने जमिनीवरचे, नाल्यातले जंतू तुषारांबरोबर उडून यंत्रावर बसतात. सफाई दिसायला जोरदार होते आणि तपासणाऱ्याचे समाधान होते. माझे स्पष्ट मत आहे की काप करण्याच्या खोलीत जास्त दाबाचे पाइप ठेवूच नयेत. घासायला वेळ आणि माणसे द्यावीत.

आत गेलेल्या कणांवर जंतूंची वस्ती होते. ते एकमेकांना आणि धातूला चिकटून स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात. हा थर लिस्टेरिया एकटा क्वचितच बांधतो. स्यूडोमोनाससारखे थंडीत वाढणारे दुसरे जंतू थर उभा करतात आणि लिस्टेरिया त्यात आसरा घेतो. थराच्या वरच्या भागातले जंतू जंतुनाशकाने मरतात, मरताना ते जंतुनाशक खर्च करतात, आणि खालचे वाचतात.

निगेटिव्ह येणारे स्वॅब

जानेवारी 2009 मध्ये कॅनडा सरकारने शीला वेदरिल यांची स्वतंत्र चौकशीसाठी नेमणूक केली. मूळच्या परिचारिका आणि नंतर आरोग्यसेवेच्या प्रशासक असलेल्या या बाईंनी जुलै 2009 मध्ये 57 शिफारशींचा अहवाल दिला. त्यातला जो भाग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो यंत्राचा नाही. तो नोंदवह्यांचा आहे.

कारखाना स्वतः नियमितपणे स्वॅब, म्हणजे पृष्ठभाग पुसून घेतलेले नमुने, घेत होता. 2007 आणि 2008 मध्ये, साथ उघडकीस येण्याच्या आधी, त्या स्वॅबमध्ये लिस्टेरिया गटातले जंतू पुन्हा पुन्हा सापडले होते. प्रत्येक वेळी पॉझिटिव्ह आला की ती जागा जास्त कसून धुतली जाई, पुन्हा स्वॅब घेतले जात, ते निगेटिव्ह येत आणि प्रश्न सुटला असे मानून नोंद बंद होई. काही आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह. पुन्हा धुलाई, पुन्हा निगेटिव्ह. या सगळ्या नोंदी एका कागदावर ओळीने मांडून, कुठल्या लाइनवर, किती दिवसांच्या अंतराने, कशानंतर, असा प्रश्न कोणी विचारला नाही. तसे विचारले असते तर दर वेळी नवा जंतू बाहेरून येत नसून एकच जंतू आतून बाहेर येतो आहे, ही शंका यायला फार वेळ लागला नसता.

निगेटिव्ह स्वॅब खोटे नव्हते. धुतल्यावर, जंतुनाशक मारल्यावर, पृष्ठभागावर खरोखरच जंतू नव्हते. पण स्वॅब केव्हा घेतला यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. यंत्र सुरू झाले, थरथरू लागले, गरम झाले, दोन-तीन तास मांस त्यातून गेले, की फटींत साचलेले पाणी आणि चिकटा हळूहळू बाहेर झिरपतो आणि पात्यावर येतो. लपलेला जंतू शोधायचा असेल तर स्वॅब पाळीच्या मध्यावर किंवा शेवटी घ्यावा लागतो. आज युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांतही उत्पादन सुरू होऊन किमान दोन तास झाल्यावर नमुने घ्या असे सांगितले जाते. सकाळी काम सुरू होण्याआधी घेतलेला स्वॅब रात्री सफाई कशी झाली ते सांगतो. यंत्राच्या पोटात कोण राहते ते तो सांगत नाही.

हे ठाऊक असूनही पाळीच्या मध्यावर स्वॅब घ्यायला कारखाने का टाळाटाळ करतात, याचे कारण सरळ आहे. तेव्हा पॉझिटिव्ह आला तर त्या यंत्रावरून गेलेला माल अडकवावा लागतो. म्हणजे जो दर्जा अधिकारी सर्वांत प्रामाणिकपणे शोधेल, तोच कंपनीचे सर्वांत जास्त नुकसान करतो असे हिशेबात दिसते. ज्या कारखान्यात पॉझिटिव्ह सापडणे हे अपयश मानले जाते, तिथे पॉझिटिव्ह न सापडण्याची कला आपोआप विकसित होते. कुणाला वाईट हेतू असावा लागत नाही.

आणि सरकारी निरीक्षक? त्या वेळच्या नियमांनुसार पर्यावरणीय स्वॅबचे पॉझिटिव्ह निकाल सरकारला कळवणे कारखान्यावर बंधनकारक नव्हते, आणि निरीक्षकाने ते मागून पाहावेत असेही बंधन नव्हते. दोन्ही बाजूंनी नियम पाळले गेले आणि माहिती मधल्या मध्ये राहिली.

जंतूकडे काय होते

साथ चालू असतानाच विनिपेगच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेने रुग्णांमधून मिळालेल्या दोन जंतूंचा संपूर्ण जनुकसंच वाचला. साथीच्या तपासात एवढ्या वेगाने जनुकवाचन करण्याचा हा जगातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. या जंतूंच्या गुणसूत्रात डीएनएच्या सुमारे 50 हजार अक्षरांचा एक तुकडा होता, जो तोवर वाचलेल्या इतर लिस्टेरियांमध्ये दिसला नव्हता. त्याला लिस्टेरिया जीनोमिक आयलंड 1 असे नाव मिळाले. या तुकड्यात बाहेरचे पदार्थ पेशीतून उपसून टाकणाऱ्या पंपांसारखी दिसणारी जनुके होती.

2016 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवून दिले की त्यांतले ‘ईएमआरई’ हे जनुक खरोखरच क्वाटला बाहेर फेकते. ते जनुक काढून टाकले की जंतूची बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे क्वाट सोसण्याची ताकद घटते. दरम्यान 2012 मध्ये आणखी एक अभ्यास आला होता: ज्या कुळातला हा जंतू आहे, क्लोनल कॉम्प्लेक्स 8, ते कूळ कॅनडात 1988 पासून 2010 पर्यंत माणसांना आजारी पाडत आले होते. म्हणजे 2008 चा पाहुणा नवखा नव्हता. वीस वर्षे तो त्या देशाच्या अन्नसाखळीत टिकून होता.

क्वाट सोसण्याचे हे एकच साधन नाही. अमेरिकेत 1998-99 मध्ये हॉट डॉगमधून पसरलेल्या साथीच्या जंतूत, प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या लहान कड्यावर, ‘बीसीआर एबीसी’ हा जनुकगट सापडला. त्याच प्लाझ्मिडवर कॅडमियम हा विषारी धातू सोसण्याची जनुकेही होती. व्हिएन्नातल्या संशोधकांनी क्वाट सोसायला मदत करणारे ‘क्यूएसीएच’ हे जनुक वाहून नेणारा डीएनएचा एक उडता, म्हणजे जागा बदलणारा, तुकडा शोधला. प्लाझ्मिड आणि उडते तुकडे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

हे वाचून कुणाला वाटेल की उत्तर मिळाले: जंतू औषधाला जुमानत नव्हता, म्हणून तो उरला. बातम्यांतही असे विषय तसेच मांडले जातात. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि ते का, हे आकड्यांतून दिसते.

मांस कारखान्यात पृष्ठभागावर क्वाट साधारण 200 पीपीएम (दहा लाख भागांत 200 भाग) तीव्रतेने मारतात, जमीन आणि नाल्यांसाठी त्याहून जास्त. साधा लिस्टेरिया प्रयोगशाळेत काही थोड्या पीपीएमलाच वाढायचा थांबतो. पंप असलेला, ज्याला सहनशील म्हणतात, तो 10 ते 20 पीपीएमच्या आसपास तग धरतो. म्हणजे सहनशील जंतूसुद्धा, उघड्या आणि स्वच्छ पृष्ठभागावर असेल तर, 200 पीपीएमसमोर टिकू नये. पात्यावर तो टिकत नाहीच. म्हणूनच स्वॅब निगेटिव्ह येतात.

पण 200 चे 20 व्हायला काय लागते? धुतल्यावर फटीत राहिलेले पाणी पुरते. शिवाय क्वाट प्रथिनांना चिकटते आणि तिथेच संपते. नीट न धुतलेल्या ॲनायोनिक (ऋण विद्युतभाराच्या) डिटर्जंटशी त्याची गाठ पडली तर दोन्ही एकमेकांना निकामी करतात. पाणी जड असेल तर आणखी घट. बायोफिल्मच्या तळापर्यंत पोचेपर्यंत उरते ते अगदीच क्षीण द्रावण. तिथे साधा जंतू मरतो आणि पंपवाला जगतो. दररोज रात्री, महिनोन्महिने, हेच घडत राहते. क्वाटचा एक गुण म्हणून सांगितला जातो तो असा की ते पृष्ठभागावर मागे राहते आणि काम करत राहते. उघड्या पत्र्यावर तो गुण असेल. फटीत मात्र ते मागे राहिलेले पातळ क्वाट सहनशील जंतूंची निवड करत बसते.

तेव्हा जंतूची सहनशीलता खरी आहे, पण ती कारखान्यातल्या एका विशिष्ट जागी खरी आहे: जिथे ब्रश पोचत नाही तिथे. यंत्र पूर्ण खोलून घासले असते तर त्या 50 हजार अक्षरांच्या तुकड्याचा जंतूला काही उपयोग झाला नसता. आणि यंत्र न खोलता जंतुनाशक बदलले असते तर थोडे दिवस फरक दिसला असता, नंतर तेच. संशोधनाच्या भाषेत ‘सहनशीलता’ (नेहमीपेक्षा थोडी जास्त मात्रा सोसणे) आणि ‘प्रतिरोध’ (वापरातल्या मात्रेलाही न जुमानणे) यांत भेद करतात तो यासाठीच. वापरातल्या तीव्रतेला पुरून उरणारा लिस्टेरिया हे या कारखान्याचे दुखणे नव्हते. वापरातली तीव्रता त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. क्वाट सोसणारा लिस्टेरिया म्हणजे औषधांना दाद न देणारा लिस्टेरिया असे नाही. रुग्णाला दिली जाणारी अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही प्रतिजैविके अजूनही बहुतेक सर्व लिस्टेरियांवर काम करतात. काही पंप क्वाटबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधेही थोडीफार उपसतात असे प्रयोगांत दिसले आहे. त्यावर लक्ष ठेवायलाच हवे. पण बार्टर रोडच्या साथीत माणसे गेली ती प्रतिजैविके निकामी झाल्यामुळे नव्हे. ती आधीच अशक्त होती आणि आजार फार आक्रमक होता.

नंतर काय बदलले

कंपनीचे प्रमुख मायकेल मॅकेन यांनी दूरचित्रवाणीवरून माफी मागितली आणि जबाबदारी कंपनीची आहे, सरकारची किंवा नियमांची नाही, असे जाहीरपणे सांगितले. व्यवस्थापनाच्या वर्गांत ही माफी आजही शिकवली जाते. मला तिच्याइतकाच मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा निर्णय: यंत्रे ठरावीक काळाने पूर्ण खोलायची, उत्पादकाच्या पुस्तिकेत लिहिले नसले तरी. कंपनीने अन्नसुरक्षेसाठी स्वतंत्र वरिष्ठ अधिकारी नेमला. परत मागवलेल्या मालाचा थेट खर्च सुमारे 2 कोटी कॅनेडियन डॉलर होईल असा कंपनीचा सुरुवातीचा अंदाज होता, आणि पीडितांच्या सामूहिक दाव्यात 2 कोटी 70 लाख डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तडजोड झाली.

1 एप्रिल 2009 पासून कॅनडात तयार मांस बनवणाऱ्या कारखान्यांना पर्यावरणीय चाचण्या बंधनकारक झाल्या आणि पॉझिटिव्ह निकाल निरीक्षकाला कळवणेही. मधली गळती त्यामुळे बंद झाली.

यंत्राच्या आत लपलेल्या जंतूवर उद्योगाने काढलेला सर्वांत समाधानकारक तोडगा मात्र रसायन नाहीच, तो उष्णता आहे. स्लायसरचे विजेचे नाजूक भाग काढून किंवा झाकून, त्याच्यावर ताडपत्री टाकून किंवा त्याला खास खोलीत ढकलून, वाफ सोडतात. आतल्या बेअरिंगपर्यंत तापमान 70 अंशांच्या पुढे जाईल आणि काही काळ टिकेल एवढा वेळ ठेवतात. जिथे फेस आणि ब्रश पोचत नाही तिथे धातूतून उष्णता पोचते, आणि तिला बाहेर फेकणारा पंप कुठल्याही लिस्टेरियाकडे नाही. हे रोज करता येत नाही, यंत्राला सोसेल असेच करावे लागते, आणि आधी घासलेले नसेल तर आतले मांस शिजून आणखी घट्ट बसते. पण जिथे पॉझिटिव्ह परत परत येतात तिथे हाच उपाय आधी करावा.

जंतुनाशकांची अदलाबदल, म्हणजे आठवड्यातले बहुतेक दिवस क्वाट आणि मधून मधून पेरॅसिटिक आम्लासारखे ऑक्सिडीकरण करणारे द्रव्य, हा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो चुकीचा नाही. पेरॅसिटिक आम्ल पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, त्यामुळे त्याला चुकवणे पंपांना जमत नाही, आणि ते विघटित होऊन मागे काही ठेवत नाही. वास उग्र, डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक, मऊ धातूंना खाणारे, म्हणून कामगारांना योग्य साधने देणे गरजेचे. पण बऱ्याच ठिकाणी ही अदलाबदल पहिला उपाय म्हणून राबवली जाते, कारण कॅन बदलणे सोपे आणि यंत्र खोलणे महाग. माझ्या मते ती यादीत शेवटी यायला हवी: आधी फट शोधा, मग ती बंद करा किंवा उघडी करा, मग घासा, मग तापवा, आणि मग रसायनाचा विचार करा.

त्यानंतरही

बार्टर रोडचा धडा सगळ्यांनी वाचला असे म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये पोलोनी या स्वस्त, तयार सॉसेजमधून पसरलेली साथ जगातली आजवरची सर्वांत मोठी लिस्टेरियोसिसची साथ ठरली: 1060 रुग्ण, 216 मृत्यू. मूळ पोलोक्वानेच्या एका कारखान्यात सापडले. रुग्णांत नवजात बाळांची संख्या मोठी होती, कारण पोलोनी गरोदर बायकाही रोज खात होत्या. 2024 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॅरेट गावच्या बोर्स हेड कंपनीच्या कारखान्यातून लिव्हरवर्स्ट या मांसपदार्थामार्फत 61 जण आजारी पडले आणि 10 दगावले. तिथे तर निरीक्षकांच्या नोंदी होत्या, वर्षभरात कित्येक, अस्वच्छतेच्या, साचलेल्या पाण्याच्या, चिकटून राहिलेल्या मांसाच्या. कॅनडात नोंदी निरीक्षकापर्यंत पोचल्या नव्हत्या. इथे त्या निरीक्षकानेच लिहिल्या होत्या. दोन्हीकडे त्या एकत्र ठेवून वाचल्या गेल्या नाहीत.

आपल्याकडे मांस बहुधा घरी शिजते, रटरटून शिजते आणि ताजे खाल्ले जाते. गोव्याचे चोरीसही मीठ, व्हिनेगर आणि वाळवणीतून जाऊन पुन्हा तव्यावर येते. त्यामुळे शिजवल्यानंतर थंड कापून तसेच खाण्याची सवय, जी लिस्टेरियाला हवी असते, ती आपल्यात कमी होती. ती आता बदलते आहे. मुंबई-पुण्यात सुपरमार्केटच्या काउंटरवर सलामी आणि हॅमचे काप मागणीनुसार कापून मिळतात, ते कापणारा स्लायसर दिवसभर चालतो, आणि सँडविच विकणाऱ्या साखळ्यांना कापलेले मांस लागते. टोरोंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा इथे राहणाऱ्या मराठी घरांत तर मुलांच्या डब्यात टर्कीचे काप ही रोजची गोष्ट आहे. घरात गरोदर बाई किंवा केमोथेरपी घेणारे कुणी असेल तर ते काप वाफ येईपर्यंत, म्हणजे आत 74 अंश होईपर्यंत, गरम करून द्यावेत. कॅनडातला आरोग्य विभागही जोखमीच्या गटांना हेच सांगतो.

अन्न तंत्रज्ञान शिकून अशा कारखान्यांत दर्जा विभागात रुजू होणाऱ्या मुलामुलींना मी एक काम पहिल्याच महिन्यात करायला सांगेन. गेल्या दोन वर्षांचे सगळे स्वॅब निकाल काढा, निगेटिव्हसह. कारखान्याचा नकाशा भिंतीवर लावा. प्रत्येक पॉझिटिव्ह त्याच्या जागेवर, तारखेसह, टिंब देऊन मांडा. एकाच यंत्राभोवती टिंबे जमत असतील तर देखभाल विभागाला पान्हे घेऊन बोलवा, सफाई पाळीच्या मुकादमालाही बोलवा, कारण ते यंत्र कुठे धुता येत नाही हे त्याला आधीपासून माहीत असते आणि बहुधा त्याला कुणी विचारलेले नसते.